गुरूनं हरायचं, शिष्यानं जिंकायचं : जपानी युद्धकलांची तालीम समजून घेताना

मार्च २०२२मध्ये जपानच्या ज्युदो महासंघानं एक निर्णय जाहीर केला. प्राथमिक शाळेतल्या मुलांची देशपातळीवरची वैयक्तिक ज्युदो स्पर्धा कायमची बंद. पाचवी-सहावीतली मुलं या स्पर्धेत उतरायची. जपान ज्युदोत मागे पडला म्हणून हे केलं असावं, तर तसंही नव्हतं. टोकियो ऑलिंपिकला वर्षही उलटलं नव्हतं आणि तिथं जपाननं ज्युदोत ९ सुवर्णपदकं घेतली होती. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष यामाशिता यासुहिरो हे स्वतः १९८४चे ऑलिंपिक विजेते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर सलग २०३ विजय होते.

कारणं साधी होती. वजनगटात बसावं म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलांना वजन उतरवायला लावलं जात होतं. पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडत होते. काहीही करून जिंकायचंच, या हट्टापायी ज्युदोचा मूळ उद्देश मागे पडतोय, असं महासंघाचं म्हणणं होतं.

तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत जाणाऱ्या शालेय स्पर्धा बघत वाढलेल्या आपल्याला हे चटकन पटत नाही. लढायची कला शिकायची आणि जिंकण्याला दुय्यम मानायचं, हे कसं? पण जपानी युद्धकलांमध्ये शिकवण्याची जी पद्धत चार-पाचशे वर्षांत घडली, ती नीट पाहिली की या निर्णयामागचा विचार उलगडतो. ती पद्धत फार सुंदर आहे आणि तिच्यात काही जीवघेणे दोषही आहेत. दोन्ही समजून घेण्यासारखं आहे.

## जुन्या परंपरा आणि नव्या कला

जपानी युद्धकला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कपड्यातलं कराटे येतं. जपानच्या मुख्य भूमीवर मात्र कराटे शंभरएक वर्षांपूर्वीच पोचलं. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं तलवार, भाला, धनुष्य आणि नि:शस्त्र झुंज शिकवणाऱ्या परंपरा होत्या.

अभ्यासक साधारणपणे १८६८ हे वर्ष मधोमध ठेवून दोन भाग करतात. त्या वर्षी शोगुन म्हणजे लष्करी सरदाराची राजवट जाऊन सम्राटाच्या नावानं नवं सरकार आलं आणि पुढच्या काही वर्षांत सामुराई हा वर्गच मोडीत निघाला. त्याआधी सुरू झालेल्या परंपरांना ‘कोर्यू’ म्हणतात. त्यानंतर घडलेल्या ज्युदो, केंडो, कराटे, आयकिदो यांना मिळून ‘बुदो’ म्हणतात. पहिल्या गटातल्या परंपरा लहान, बंदिस्त, एखाद्या घराण्याकडे किंवा देवस्थानाजवळ टिकलेल्या. दुसऱ्या गटातल्या कला शाळा-कॉलेजांतून जगभर पसरलेल्या.

कोर्यूचं एक उदाहरण बघू. टोकियोच्या पूर्वेला चिबा प्रांतात कातोरी देवस्थान आहे. तिथली ‘कातोरी शिंतो-रयू’ ही परंपरा पंधराव्या शतकात इइझासा चोइसाई या योद्ध्यानं सुरू केली आणि ती आजही चालू आहे. तिथं प्रवेश घेताना शिष्य स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेतो. इथलं शिक्षण बाहेर दाखवायचं नाही, परवानगीशिवाय दुसऱ्या परंपरेच्या माणसाशी तलवार भिडवायची नाही. आपलं कौशल्य इतरांना हरवून सिद्ध करायचं नाही, ही अट प्रवेशालाच घातलेली आहे.

## लढाया थांबल्यावर तलवारीचं काय झालं

सामुराई म्हणजे तलवार हे चित्र आपल्या मनात पक्कं आहे. रणांगणावर मात्र धनुष्य आणि भाला जास्त कामाचे होते. १५४३मध्ये पोर्तुगिजांबरोबर बंदुका आल्या आणि काही दशकांत जपानी सैन्यांनी त्या हजारोंनी वापरायला घेतल्या. तलवार होती, पण ती जवळ आलेल्या शत्रूसाठी आणि कमरेला मिरवण्यासाठी.

१६००मध्ये तोकुगावा इएयासू या सरदारानं सेकिगाहाराची लढाई जिंकली. १६०३मध्ये तो शोगुन झाला आणि १६१५मध्ये ओसाकाचा किल्ला पडल्यावर त्याला प्रतिस्पर्धी उरला नाही. १६३७-३८चं शिमाबाराचं बंड मोडल्यानंतर जपाननं दोनशेहून जास्त वर्षं मोठं युद्ध पाहिलंच नाही. कमरेला दोन तलवारी लावणारा सामुराई आता कचेरीत बसून तांदळाच्या वसुलीचे हिशेब बघू लागला.

लढाईच नाही, तर तालीम कशासाठी? आपल्याला वाटेल की कला ओसरली असेल. घडलं उलट. तलवारीच्या शेकडो परंपरा याच शांततेच्या काळात उभ्या राहिल्या. शोगुनचे तलवारबाजीचे गुरू यागयू मुनेनोरी आणि त्यांचे स्नेही, झेन या बौद्ध पंथाचे भिक्षू ताकुआन, यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न आहे तो मनाचा. शत्रूच्या पात्याकडे बघताना मन तिथंच अडकलं तर हात थांबतो. मग ते अडकू कसं द्यायचं नाही? हा प्रश्न लढाईपुरता राहिला नाही. भीतीत, रागात, दरबारात, कारभारात माणूस स्थिर कसा राहील, इथपर्यंत तो पसरला. तालमीचं फळ आता माणसाच्या वागण्यात शोधलं जाऊ लागलं.

आणि तालमीचं मुख्य साधन होतं काता.

## काता म्हणजे नेमकं काय

आपल्याकडच्या कराटे वर्गात काता म्हणजे एकट्यानं हवेत करायच्या ठरावीक हालचालींची मालिका. तलवारीच्या परंपरांमध्ये मात्र काता दोघांनी मिळून करायची असते. कोण कुठून वार करणार, दुसरा त्याला काय उत्तर देणार, हे आधीच ठरलेलं असतं. शस्त्र लाकडी, पण अंगावर बसलं तर हाड मोडेल असं.

केंडो म्हणजे आजची जपानी तलवारबाजी. तिच्या महासंघानं जतन केलेल्या काता १९१२मध्ये निश्चित झाल्या. त्या एकूण १० आहेत, ७ लांब तलवारीच्या आणि ३ आखूड तलवारीच्या. पहिलीच काता जवळून पाहू.

दोघं नऊ पावलांच्या अंतरावर उभे. दोघांच्याही तलवारी डोक्याच्या वर. तीन पावलं पुढे येतात आणि थांबतात. आता अंतर असं आहे की एक पाऊल टाकलं तर वार पोचतो. पहिला माणूस क्षण पारखतो आणि समोरच्याच्या डोक्यावर सरळ वार उतरवतो. नुसता हात खाली आणायचा नाही, समोरच्याच्या तलवारीच्या मुठीसकट चिरत जाईल अशा जोरानं. दुसरा त्याच क्षणी एक पाऊल मागे सरतो. तलवार त्याच्या समोरून हवा कापत जाते. पहिल्याचा तोल किंचित पुढे गेलेला, तलवारीचं टोक खाली. दुसरा पाऊल पुढे टाकून त्याच्या डोक्यावर वार करतो आणि लाकूड कपाळाजवळ थांबवतो. इथं संपत नाही. तो तलवारीचं टोक पहिल्याच्या चेहऱ्याच्या मध्यावर रोखतो. पहिला मागे सरकतो, तसा हा पाऊल पुढे टाकून तलवार पुन्हा डोक्यावर नेतो. जिंकल्यावरही शत्रू उठेल या तयारीनं सावध राहणं, याला ‘झानशिन’ म्हणतात.

सगळं मिळून काही सेकंदांचं काम. पण मागे सरकणं निमिषभर लवकर झालं, तर समोरचा आपला वार तिकडे वळवेल. उशीर झाला, तर डोकं फुटेल. चार बोटं जास्त मागे गेलं, तर उलट वार पोचणार नाही. अंतर आणि वेळ यांचं हे गणित पुस्तकात लिहून देता येत नाही, तोंडानं सांगूनही पोचत नाही. ते शरीरात उतरावं लागतं.

आपल्याकडे याच्या अगदी जवळची गोष्ट ख्यालगायकीत आहे. गुरूसमोर बसून शिष्य यमनची एकच बंदिश महिनोन्महिने घोटतो. शब्द तेच, मुखडा तोच, समेवर यायची जागा तीच. बाहेरच्याला वाटतं, यात गायकाचं स्वतःचं काय? पण रागाचं चलन, कुठल्या स्वरावर किती रेंगाळायचं, कुठून उठायचं, हे सगळं त्या बंदिशीत बांधून ठेवलेलं असतं. पुढे मैफलीत गायकाला जी उपज सुचते ती त्या घोटण्यातून येते. काताचंही तसंच आहे. जपानी गुरू शिष्याच्या प्रवासाचे तीन टप्पे सांगतात, ‘शु-हा-री’ : आधी जसंच्या तसं पाळायचं, मग त्याला आपलं वळण द्यायचं, शेवटी त्यातून मोकळं व्हायचं. चहापानाच्या कलेतही हाच क्रम मानतात. पहिला टप्पा वर्षानुवर्षं चालतो आणि तो चुकवून पुढे जाता येत नाही.

## मोठा माणूस हरतो

या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आता येते.

वरच्या कातात एक जण वार करतो आणि हरतो. दुसरा उत्तर देतो आणि जिंकतो. बघणाऱ्याला वाटेल, जिंकणारा गुरू असणार. तसं नाही. तलवारीच्या परंपरांमध्ये साधारण नियम असा, की हरणाऱ्याची भूमिका, जिला ‘उचिदाची’ म्हणतात, ती गुरू किंवा ज्येष्ठ घेतो. जिंकणारा असतो शिष्य.

याचं कारण अगदी व्यवहारी आहे. शिष्याला शिकायचं असतं ते खऱ्या वारातून कसं निसटायचं हे. वार खोटा असेल, मुद्दाम बाजूनं जाणारा असेल, तर तो चुकीच्या अंतराची सवय लावून घेईल. म्हणून वार अचूक आणि शिष्याला पेलेल इतक्याच वेगाचा हवा. कालपेक्षा आज थोडा जास्त, पण तो कोलमडेल इतका नाही. हे मोजमाप फक्त अनुभवी माणसालाच जमतं. शिवाय वार चुकल्यावर स्वतःचं डोकं शिष्याच्या तलवारीखाली द्यायचं, तेही त्याचा हात अजून कच्चा असताना. नवशिक्यावर ही जबाबदारी टाकता येत नाही.

म्हणजे तालमीच्या प्रत्येक फेरीत जास्त कौशल्य असलेला माणूस हरतो. दिवसाला पन्नास वेळा, वर्षानुवर्षं. त्याच्या हरण्यातून शिष्य घडतो. ज्या गुरूला शिष्यापुढे हरणं सोसवत नाही तो हे काम करूच शकत नाही. गुरूच्या अहंकाराला इथं पद्धतीनंच वेसण घातली आहे.

सगळ्या कलांत हे असंच नाही. उएशिबा मोरिहेई यांनी विसाव्या शतकात घडवलेल्या आयकिदोत गुरू फेकतो आणि शिष्य पडतो. तिथं शिक्षण पडणाऱ्याच्या अंगानं होतं, असं मानतात.

## ‘पण ठरलेल्या चाली पाठ करून खरी झुंज जमते का?’

ही शंका आजची नाही. अठराव्या शतकातल्या जपानी तलवारबाजांनीही ती जोरात मांडली होती. पाऊणशे वर्षं मोठी लढाई नाही, काता करून करून नुसती शोभेची झालीय, असं अनेकांना वाटू लागलं. तेव्हा १७११ ते १७१६च्या सुमारास नागानुमा शिरोझाएमोन यांनी आणि पुढे त्या शतकाच्या मध्याला नाकानिशी चूझो यांनी बांबूची तलवार आणि डोकं, मनगट, छाती झाकणारं चिलखत सुधारून वापरात आणलं. आता पूर्ण जोर लावून, काहीही न ठरवता लढता येऊ लागलं. तरुण गर्दी करू लागले. आजच्या केंडोचा पाया हाच.

जुन्या लोकांची तक्रारही बिनबुडाची नव्हती. बांबू लागला तरी जीव जात नाही हे माहीत असलं की माणूस असे धोके पत्करतो जे खऱ्या पात्यापुढे कधीच पत्करले नसते. मुक्त लढतीत भिडण्याची हिंमत येते, पण धार विसरली जाते. कातामध्ये धार लक्षात राहते, पण अनपेक्षिताची सवय होत नाही.

यावर सर्वांत समंजस उत्तर दिलं ते कानो जिगोरो यांनी. १८६०मध्ये जन्मलेला, टोकियो विद्यापीठात शिकलेला हा अंगानं लहानखुरा तरुण जुजुत्सू म्हणजे नि:शस्त्र झुंजीच्या दोन जुन्या परंपरा शिकला. १८८२मध्ये टोकियोतल्या एइशोजी या मंदिरात १२ चटयांची जागा घेऊन त्यानं ‘कोदोकान’ ही शाळा सुरू केली आणि आपल्या पद्धतीला ज्युदो म्हटलं. सांधे तोडणारे, डोळे-नाकावर जाणारे धोक्याचे डाव त्यांनी कातामध्ये ठेवले. तिथं ते सावकाश, ठरवून शिकायचे. फेकण्याचे, दाबून धरण्याचे डाव मुक्त झुंजीत ठेवले. तिथं पूर्ण ताकद लावायची मुभा. आणि सगळ्याच्या आधी इजा न होता पडायला शिकायचं.

घातक डाव काढून टाकल्यावर ज्युदो लेचापेचा होईल, असं वाटणं साहजिक होतं. पण रोज पूर्ण जोरानं, प्रतिकार करणाऱ्या माणसावर सराव करणारे कोदोकानचे विद्यार्थी जुन्या शाळांच्या मल्लांना भारी पडू लागले. मारक डाव माहीत असण्यापेक्षा साधा डाव हजार वेळा खऱ्या माणसावर चालवलेला असणं जास्त उपयोगी ठरलं. कानो मुळात शिक्षक होते. पुढे ते शिक्षक घडवणाऱ्या सरकारी महाविद्यालयाचे प्रमुख झाले आणि १९०९मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातले पहिले सदस्य. स्वतःची ताकद नेमकी वापरणं आणि आपल्याबरोबर समोरच्याचंही भलं होणं, ही त्यांच्या शिकवणीची दोन सूत्रं. मॅटवर त्याचा अर्थ सरळ आहे : मला फेकू देणारा जोडीदार नसेल तर मी शिकणार नाही, आणि त्याला इजा केली तर उद्या तो येणार नाही.

## सामुराई गेले, कला शाळेत आली

१८७६मध्ये तलवार बाळगायला बंदी आली. पोटासाठी तलवारबाजांनी तिकीट लावून खेळ केले. १८७७च्या सात्सुमा बंडात, म्हणजे नाराज सामुराईंच्या उठावात, पोलिसांच्या तलवार पथकानं नाव कमावलं आणि त्यानंतर पोलीस खात्यात तलवारबाजीला पुन्हा जागा मिळाली. १८९५मध्ये क्योतोत ‘बुतोकुकाई’ ही देशव्यापी संस्था निघाली. १९११पासून माध्यमिक शाळांत तलवारबाजी आणि जुजुत्सू शिकवता येऊ लागलं.

कराटेची वाट वेगळी. ओकिनावा हे पूर्वी र्युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं, चीनशी घट्ट संबंध असलेलं. जपाननं ते १८७९मध्ये आपल्यात विलीन करून घेतलं. तिथली मुष्टियुद्धाची कला इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळांत नेली आणि मुलांसाठी सोप्या पाच काता बांधल्या. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी १९२२मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक केलं आणि तिथंच राहून शिकवू लागले. त्यांना कानोंनी मदत केली. कराटेचा पोशाख आणि श्रेणी ज्युदोवरून आल्या. आपल्या मुलांना शोतोकान या कराटे-शाखेच्या वर्गात सुरुवातीलाच शिकवतात त्या ‘हेइआन’ काता म्हणजे ओकिनावाच्या शाळकरी मुलांसाठी बांधलेल्या त्याच पाच काता. त्यात गुप्त, प्राचीन असं काही शोधत बसू नये. मुलांच्या शरीराचा विचार करून एका शिक्षकानं केलेली ती रचना आहे.

## मग ब्लॅक बेल्ट म्हणजे काय?

जुन्या परंपरांत पट्टे नव्हते. शिष्याची प्रगती बघून गुरू हातानं लिहिलेली गुंडाळी द्यायचा. अशा दोन-चार पायऱ्या आणि शेवटी सगळी विद्या पोचल्याचा, पुढे शिकवायचा परवाना. ‘दान’ या श्रेणी ‘गो’ या पटावरच्या खेळात आधीपासून होत्या. कानोंनी त्या उचलल्या. १८८३मध्ये त्यांनी पहिल्या दोघांना पहिला दान दिला आणि काही वर्षांनी दान मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायची रीत पडली. फुनाकोशींनी कराटेतले पहिले दान १९२४मध्ये दिले. पिवळा, हिरवा, निळा ही रंगांची शिडी मुख्यतः युरोपात रुळली. पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणारे कावाइशी मिकिनोसुके यांचा त्यात मोठा वाटा.

म्हणजे काळा पट्टा हा पहिला दान, मूळाक्षरं झाल्याची खूण. केंडोत तर आजही पट्टा बांधतच नाहीत. तिथं आठव्या दानच्या परीक्षेला बसायला वय किमान ४६ आणि सातवा दान मिळून १० वर्षं झालेली लागतात. तरी शंभरात एखादाच पास होतो. पन्नाशी-साठीतली माणसं वर्षानुवर्षं ही परीक्षा देत राहतात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही : श्रेणी देते ती संस्था. एका संघटनेचा दान दुसरी मानेलच असं नाही.

## ‘हे सगळं झेनमधून आलं ना?’

थोडंसं. ताकुआनसारख्या भिक्षूंचा प्रभाव खरा आहे, पण काही परंपरांपुरता. कातोरीसारख्या ठिकाणी शिंतो देवता आणि मंत्र-मुद्रा असलेला तांत्रिक बौद्ध पंथ यांचं वजन जास्त. कन्फ्यूशियसच्या विचारातली ज्येष्ठ-कनिष्ठ मर्यादा तर सगळीकडे दिसते. प्रत्येक वार म्हणजे ध्यान, हे चित्र बरंचसं विसाव्या शतकात, परदेशी वाचकांपुढे मांडताना ठळक झालं.

## विश्वासाची दुसरी बाजू

गुरूवर पूर्ण विश्वास टाकल्याशिवाय काताची पद्धत चालत नाही. पण हाच विश्वास ‘वरच्यापुढे तोंड उघडायचं नाही’ इथवर जायला वेळ लागत नाही, आणि जपानमध्ये तो गेला.

१९३०-४०च्या दशकांत लष्करी सरकारनं शाळांतल्या या कला सैनिक घडवण्यासाठी राबवल्या. त्यामुळेच १९४५च्या पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनानं शाळांत त्यांवर बंदी घातली आणि १९४६मध्ये बुतोकुकाई बरखास्त झाली. ज्युदो १९५०मध्ये शाळेत परतलं. केंडोचा नवा महासंघ १९५२मध्ये उभा राहिला.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नंतरची. १९८३पासूनच्या तीसेक वर्षांत जपानी शाळांतल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. बहुतेकांचं कारण डोक्याला मार. त्यात नुकतीच सुरुवात केलेली, पडायला नीट न शिकलेली मुलं पुष्कळ होती. २०१२पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत बुदो सक्तीचं होणार म्हटल्यावर पालक आणि संशोधकांनी हे आकडे समाजापुढे लावून धरले. मग कुठे सुरक्षेचे नियम कडक झाले. २०१३मध्ये उघड झालं की राष्ट्रीय संघाच्या १५ महिला ज्युदोपटूंनी प्रशिक्षणातल्या मारहाणीविरुद्ध तक्रार केली आहे. मुख्य प्रशिक्षकांना पायउतार व्हावं लागलं.

‘कडक शिस्तीशिवाय कला येत नाही’ हे समर्थन मला अजिबात मान्य नाही. ज्या पद्धतीत गुरूनं वार शिष्याला पेलेल इतकाच करायचा, तिथं दमलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा आपटणं म्हणजे त्या पद्धतीशी द्रोह आहे.

## मग स्पर्धाच नकोत का?

स्पर्धेतून चांगलंही खूप आलं. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आलं आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतीत, बुदोकानच्या भरल्या सभागृहात, नेदरलँड्सच्या आंतोन खेसिंकनं जपानच्या कामिनागा आकिओला दाबून धरून हरवलं. सारा जपान सुन्न झाला. खेसिंकचे पाठीराखे आनंदानं मॅटकडे धावले. खेसिंकनं हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं. हरलेला माणूस अजून मॅटवर होता. जपानी प्रेक्षकांनी तो हात कधी विसरला नाही. झानशिन म्हणजे काय हे त्या दिवशी एका डच माणसानं दाखवलं.

केंडोनं हे नियमातच घातलं. बांबूची तलवार नुसती लागून गुण मिळत नाही. आवाजातला आवेश, सरळ अंग, पात्याची योग्य दिशा आणि वारानंतरची सावधता हे सगळं असावं लागतं. गुण मिळवल्यावर मूठ उंचावून आनंद केला, तर दिलेला गुण काढून घेता येतो. ऑलिंपिकमध्ये जायला जपानचा केंडो महासंघ तयार नाही, त्यामागे ही मोजमापं टिकणार नाहीत ही भीती आहे. कराटेनं दुसरा रस्ता धरला. २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ते खेळलं गेलं, ओकिनावाच्या कियुना र्योनं कातामध्ये सुवर्ण घेतलं आणि पॅरिसमध्ये २०२४ला कराटे वगळलं गेलं. मोठ्यांनी आपल्या जबाबदारीवर स्पर्धा खेळावी. दहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्याच्या जेवणाचा, वजनाचा, भीतीचा निर्णय दुसरंच कुणी घेत असतं.

## आपल्या सोसायटीतल्या वर्गाकडे बघताना

आज पुण्या-मुंबईत, नाशकात, अगदी तालुक्याच्या गावीही सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या पटांगणावर कराटे-ज्युदोचे वर्ग भरतात. मुलाला घालण्याआधी एखादा तास नुसतं बसून बघा. ज्युदोचा वर्ग असेल तर पहिले काही आठवडे पडायलाच शिकवतात का? हनुवटी छातीला, डोकं जमिनीपासून वर, हातानं जमिनीवर थाप. हे अंगवळणी पडण्याआधी फेकाफेकी सुरू होत असेल तर तिथं थांबू नका. शिकवणारा मोठ्या मुलाला लहानावर सोडतो, की स्वतः लहानासमोर उभा राहून त्याचे ठोसे, त्याचे डाव अंगावर घेतो, हेही दिसेल. परीक्षा किती महिन्यांनी, फी किती, दान कुठल्या संघटनेचा, हे विचारायला संकोच नको.

मुलाला घरी बजावून ठेवा की डोकं आपटलं, गरगरलं किंवा उलटीसारखं झालं, तर समोर कितीही मोठे सर असले तरी लगेच सांगायचं. त्या दिवशीचा सराव तिथंच थांबायला हवा आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मूल परत मॅटवर जाता कामा नये. हा नियम वर्गात आहे का, हे पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा.